शेगावची तार आणि दूरच्या यंत्राचा कारभार

शेगाव म्हटले की आज महाराष्ट्राला श्रीगजानन महाराजांची समाधी आठवते, आणि दर्शन आटोपून स्थानकाकडे वळलेल्या भाविकाला, त्याच्या भक्तीत यत्किंचितही न्यून न येता, कचोरीही आठवते. तथापि २३ फेब्रुवारी १८७८ रोजी महाराज या गावी प्रगट झाले, त्याच्या दहा-अकरा वर्षे आधीच हे गाव वऱ्हाडाबाहेरच्या व्यापारी दप्तरांत दाखल झालेले होते, आणि ते कापसामुळे. अमेरिकेत १८६१ साली यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि निजामाने १८५३ च्या तहान्वये कंपनी सरकारच्या हवाली केलेल्या या काळ्या जमिनीच्या मुलखाकडे विलायती व्यापाऱ्यांची दृष्टी वळली. त्या दृष्टीच्या मागोमाग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग भुसावळ सोडून पूर्णेच्या खोऱ्यातून पूर्वेकडे सरकत गेला व १८६७ साली नागपुरास पोहोचला. शेगाव हे त्या मार्गावरचे स्थानक. कारभाराच्या दृष्टीने तेव्हा अकोला जिल्ह्यातले, कारण खामगाव तालुक्यासह ते बुलढाण्याकडे आले ते १९०५ च्या फेरवाटणीत. जिन-प्रेस उभे राहिले, अडते आले, मुनीम आले, आणि रुळांच्या कडेने जे खांब रोवले गेले त्यांवरून तार आली.

या लेखाचा विषय कापूस नव्हे, तार हा आहे. किंबहुना तारेपासून आजच्या रिमोट डेस्कटॉपपर्यंत चालत आलेली, आपण एका ठिकाणी बसून दुसऱ्या ठिकाणचे यंत्र चालविण्याची, वहिवाट हा आहे. हिंदुस्थानात तारायंत्राचा पहिला प्रयोग १८५० साली कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्या दरम्यान झाला आणि १८५५ पासून ते रयतेस खुले झाले. मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याने जलंब-खामगाव ही शेगावच्या शेजारची लोहमार्गाची शाखा खुली केली. त्याच वर्षी समुद्रतळावरील तारेने मुंबई विलायतेशी जोडली गेली. सुएझचा कालवा आदल्याच वर्षी उघडला होता. परिणाम असा झाला की लिव्हरपूलच्या पेढीवर बसलेल्या व्यापाऱ्याने तारेने वऱ्हाडी कापसाची मागणी नोंदवावी आणि सुमारे सहा आठवड्यांत त्या गाठी मर्सी नदीच्या धक्क्यावर उतरवून घ्याव्यात. ज्याने वऱ्हाड डोळ्यांनी पाहिले नाही, ज्याला शेतकऱ्याचे नाव ठाऊक नाही, त्याचा हुकूम बाजारात दर फिरवू लागला, आणि त्या हुकमास ‘थांब, विचार करू दे’ असे म्हणण्याचे कोणतेही साधन बांधावरच्या माणसाच्या हाती नव्हते.

परंतु त्याच खांबांवरून, त्याच स्थानकाच्या एका खोलीत, दूरच्या कारभाराची एक सर्वस्वी निराळी पद्धत नांदत होती, आणि मला तीच अधिक थोर वाटते. तारबाबूच्या ‘कट्ट-कडकट्ट’चे कौतुक आपल्या वाङ्मयाने पुष्कळ केले, स्टेशन मास्तराच्या टेबलावरील ब्लॉक यंत्राकडे मात्र कोणी फारसे पाहिले नाही. दुहेरी मार्गावरील या जुन्या यंत्रास एक घंटा, एक सुई आणि एक फिरती मूठ असते. मागच्या स्थानकास गाडी पुढे सोडावयाची असली की तेथील मास्तर ठरावीक ठोक्यांनी पुढच्या स्थानकाची घंटा वाजवितो. पण गाडी सोडण्याची मुखत्यारी त्याची नव्हे. पुढच्या स्थानकाचा मास्तर आपला मार्ग मोकळा असल्याची खात्री करतो, आणि मग स्वतःच्या हाताने आपली मूठ ‘लाईन क्लिअर’वर फिरवितो, तेव्हा कुठे मागच्या स्थानकातील सुई हलते व तेथला अखेरचा सिग्नल मोकळा होतो. गाडी आली, तिच्या शेवटच्या डब्यामागचा दिवा नजरेस पडला, म्हणजे ती अखंड आली अशी रुजुवात झाली, की मगच मूठ पूर्वस्थानी. पाठविणारा कितीही मोठ्या जंक्शनचा असो, मूठ घेणाऱ्याच्या हाती.

संगणकाच्या प्रांतात हे शहाणपण यावयास बराच काळ जावा लागला. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे महायंत्र आले, तेव्हा त्याच्याकडून काम करवून घ्यावयाचे म्हणजे छिद्रे पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे त्याच्या दारी नेऊन पोचवावे लागत. माणूस यंत्राकडे जाई. पुढे एकाच यंत्रास अनेक पडदे व कळफलक जोडण्याची रीत रूढ झाली, आणि सामान्य माणसास ती दिसली ती रेल्वेच्या आरक्षणखिडकीवर. दिल्लीत १९८५ साली सुरू झालेली संगणकीय आरक्षणपद्धती हळूहळू पसरली, १९९९ साली दिल्ली, मुंबई, कलकत्ता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एकमेकांस जोडली गेली, आणि मध्य रेल्वेच्या शेगावसारख्या स्थानकांवरच्या बाबूपुढे जो पडदा असे त्याच्या मागची बुद्धी व स्मृती साडेपाचशे किलोमीटरवरच्या मुंबईत असे. ‘लिंक गेली आहे’ हे त्या खिडकीवरचे वाक्य ज्याने रांगेत उभे राहून ऐकले, त्याला दूरस्थ यंत्राच्या गुणदोषांवर व्याख्यान देण्याची गरज नाही.

अशा दूरच्या यंत्रास बाहेरून हुकूम देण्याचा टेलनेट हा मार्ग १९६९ पासूनचा. त्यात पासवर्ड उघड्या पोस्टकार्डावरील मजकुरासारखा जाई. हेलसिंकीच्या तंत्रविज्ञान विद्यापीठात असे पासवर्ड चोरणारी टोळधाड आल्यावर तातू युलोनेन याने १९९५ साली एसएसएच ही सांकेतिक लिपीत बोलणारी पद्धत रचली. पण हे सारे अक्षरांचे झाले. चित्रांचा पडदा दूर नेण्याचा विचार मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत १९८४ साली एक्स विंडो या नावाने सुरू झाला. विंडोजच्या बाजूने आयबीएममधून बाहेर पडलेल्या एड इयाकोबुची याने १९८९ साली सिट्रिक्स कंपनी काढली, तिचे तंत्र मायक्रोसॉफ्टने परवान्याने घेतले आणि १९९८ साली विंडोज एनटीची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती बाजारात आणली. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत व्हीएनसी जन्मले तेही याच सुमारास. त्याच्या कर्त्यांपैकी क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर याने पूर्वी, १९९१ साली, जिने ओलांडून जाऊन रिकामे भांडे पाहण्याचा त्रास चुकावा म्हणून कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखून त्याचे चित्र जागच्या जागी पाहण्याची सोय केली होती. मोठ्या शोधांच्या मागे आळस किती असतो याचा हिशेब कोणीतरी एकदा मांडावयास हवा.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे येऊ, कारण इतिहासाची खरी परीक्षा तेथे होते. ज्याचा ताबा दुसऱ्यास द्यावयाचा त्या यंत्रावर सर्व्हर बसवावा लागतो. पाहणाऱ्याकडचे काम तुलनेने किरकोळ. विंडोजमध्ये ही सोय २००१ च्या एक्सपी प्रोफेशनलपासून अंगभूत आहे, मात्र घरगुती होम आवृत्तीस ती तेव्हाही दिली नव्हती आणि आजही दिलेली नाही. त्यामुळे दुकानदाराने संगणक घेताना दोन पैसे वाचविले की येथे घोडे अडते. प्रो आवृत्तीत सेटिंग्जमध्ये जाऊन एक बटन सरकविले की ३३८९ क्रमांकाचे पोर्ट ऐकू लागते, फायरवॉलमध्ये वाट होते, आणि ज्या खात्यास पासवर्डच नाही त्यास आत घेण्याचे यंत्र मुळातच नाकारते. लिनक्सवर एक्सआरडीपी हे पॅकेज बसवावे लागते, सोबत एक्सएफसीईसारखे हलके डेस्कटॉप असलेले बरे; आणि नवशिक्यास तेथे बहुधा काळा पडदा दिसतो, कारण तोच वापरकर्ता त्याच यंत्रापुढे आधीच बसलेला असतो व एकाच नावाने दोन दरबार भरवावयास प्रणाली तयार नसते. यंत्रासमोरून एकदा बाहेर पडले की काम मार्गी लागते. ॲपलच्या मॅकवर २००७ पासून स्क्रीन शेअरिंग अंगभूत आहे. परंतु बाहेरचे सॉफ्टवेअर बसविले तर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून पडदा पाहण्याची मंजुरी त्या यंत्रापुढे बसलेल्या माणसाने स्वहस्ते दिल्यावाचून पलीकडच्याला त्या माणसाच्या खिडक्या दिसत नाहीत. विंडोजमध्येही मदतीस आलेल्या दूरस्थ माणसाने मालकी हक्काचे काही करू पाहिले, की परवानगी विचारणारी चौकट उघडते आणि पुष्कळ वेळा ती त्याच्या पडद्यावर उमटतच नाही. होकाराचे बटन जागेवरच्या माणसानेच दाबावयाचे. तिन्ही घराणी निराळी, पण फिरून फिरून ब्लॉक यंत्राच्या त्या मुठीपाशीच आली.

शेवटच्या डब्यामागचा दिवा मात्र बहुतेक विसरतात. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपची चौकट फुलीवर टिचकी मारून बंद केली म्हणजे काम संपले असे नव्हे. आपण केवळ बाहेर आलो, आतले सत्र उघड्या कागदपत्रांसह चालूच राहिले. साइन आउट करणे हा स्वतंत्र विधी आहे आणि तो केल्याशिवाय मार्ग मोकळा झाला असे समजू नये.

शेगावसारख्या गावी या विद्येचा प्रसार कोणी केला असेल तर तो येथून बाहेर पडलेल्या पोरांनी. १९८३ साली गजानन महाराजांच्या नावाने येथे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, आणि अशा महाविद्यालयांतून शिकलेली एक पिढी पुण्यामुंबईस जाऊन बसली. गावातल्या संगणकाचा टॅलीचा हिशेब अडला की फोन तिकडे जातो आणि ‘बाबा, तो नऊ आकडी नंबर सांगा, अन् दुसरं काही दाबू नका’ असे उत्तर येते. तो नऊ आकडी नंबर हे मध्यस्थ कंपन्यांचे देणे. घरगुती जोडणीस स्वतःचा सार्वजनिक पत्ता बहुधा मिळत नाही, शेकडो गिऱ्हाईक एकाच पत्त्यामागे बसविलेले असतात, त्यामुळे बाहेरून थेट येण्यास वाटच नसते. म्हणून १९ व्या शतकातल्या तारऑफिसाप्रमाणे मधे एक ठाणे लागते, आणि ते ठाणे जर्मनीतल्या गोपिंगेनच्या टीमव्ह्यूअरने २००५ साली व श्टुटगार्टच्या एनीडेस्कने २०१४ साली थाटले. वीज हा दुसरा विषय. भारनियमनाची सवय जडलेल्या मुलखात सर्व्हर बसविताना बायोसमध्ये ‘वीज परतताच आपणहून सुरू व्हावे’ ही नोंद आधी करावी, मग पोर्टाचा विचार करावा. अन्यथा पुण्याचा मुलगा रात्रभर बंद यंत्राची घंटा वाजवीत बसतो. मार्च २०२० च्या टाळेबंदीत साऱ्या देशास ही विद्या एका आठवड्यात शिकावी लागली.

आणि ज्या गतीने ती आली त्याच गतीने भामटेही आले. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते की एनीडेस्कसारखे ॲप ग्राहकास घ्यावयास लावून, त्याच्याकडून तो नऊ आकडी क्रमांक काढून घेऊन, त्याच्याच मोबाइलवरून यूपीआयने पैसे पळविले जातात. त्याच वर्षी मे महिन्यात विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाचे असे भगदाड सापडले की पाच वर्षांपूर्वी निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला ठिगळ पुरवावे लागले. यात सॉफ्टवेअरला शिव्या देण्यात अर्थ नाही. लिव्हरपूलच्या तारेत तारेचा काय दोष होता? दोष एवढाच की घेणाऱ्याने मूठ फिरविली, पण कोणाची गाडी येते आहे हे विचारले नाही. वीजबिलाचे, बँकेच्या केवायसीचे किंवा भक्तनिवासातील खोलीच्या आरक्षणाचे निमित्त सांगून अनोळखी माणूस क्रमांक मागू लागला, तर तो देण्यापूर्वी फोन ठेवावा आणि त्या संस्थेचा मूळ क्रमांक स्वतः शोधून तिला विचारावे.

ज्यांना आपल्या दुकानी किंवा घरी सर्व्हर बसवावयाचाच आहे त्यांनी ३३८९ चे पोर्ट राउटरवरून सरळ जगास उघडू नये, व्हीपीएनच्या आत ठेवावे. पासवर्ड लांब असावा. आणि काम नसेल तेव्हा सेवा बंद ठेवावी. आणि हे सारे करूनही, किंवा न केल्यामुळे, कोणी आत शिरलाच, तर प्रथम इंटरनेटची जोडणी तोडावी, मग बँकेस कळवावे आणि विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी.