सक्ती नव्हे, कोपरखळी!

जुन्या इमारतींच्या जिन्यांतले कोपरे आठवून पाहा. ‘येथे थुंकू नये, दंड होईल’ अशी पाटी जिथे लावलेली असते, नेमक्या तिच्याखालीच पानाच्या पिचकाऱ्यांची नक्षी उमटलेली दिसते. मग कुणीतरी त्या कोपऱ्यात देवादिकांच्या चित्रांच्या फरशा बसवतो आणि कोपरा स्वच्छ राहू लागतो. दंड वाढलेला नसतो, पहारेकरी नेमलेला नसतो. बदललेले असते ते फक्त थुंकण्याच्या क्षणी नजरेसमोर येणारे चित्र. अर्थात, थुंकणाऱ्याचे मनही बदललेले नसते. तो बहुधा पुढच्या मजल्यावर जाऊन तेच करतो.

या घरगुती उपायाला आज जगभर शास्त्रीय नाव आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि कायद्याचे अभ्यासक कॅस सनस्टीन यांनी २००८ मध्ये ‘नज’ हे पुस्तक लिहिले. नज म्हणजे शब्दशः कोपराने दिलेली हलकी ढुशी. मराठीत ‘कोपरखळी’ला टोमण्याचा वास येतो, येथे मात्र तो नाही. कोणताही पर्याय बंद न करता आणि पैशाचे गणित फारसे न बदलता, निवडीची मांडणी अशी करायची की माणूस हिताच्या पर्यायाकडे आपसूक वळेल, ही मूळ कल्पना. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ब्रिटिश सरकारने २०१० मध्ये अशा उपायांसाठी स्वतंत्र पथक स्थापन केले, तर भारताच्या २०१८-१९ च्या आर्थिक पाहणी अहवालात या विषयाला एक संपूर्ण प्रकरण देण्यात आले.

वडाळ्याचे पिवळे स्लीपर

मुंबईकरांसाठी हा विषय केवळ पुस्तकी नाही. २०१० च्या सुमारास उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी तीन हजारांहून अधिक माणसे प्राण गमावत होती आणि रूळ ओलांडणे हे त्याचे एक प्रमुख कारण होते. दंड, उद्घोषणा, पाट्या हे सारे उपाय करून झाले होते. अशा वेळी २००९-१० मध्ये ‘फायनल माइल’ या संस्थेने मध्य रेल्वेच्या सहकार्याने वडाळा येथे एक वेगळा प्रयोग केला.

मोठ्या आकाराच्या वस्तूचा वेग डोळ्यांना प्रत्यक्षाहून कमी भासतो. त्यामुळे लांबून येणारी लोकल ‘अजून दूर आहे’ असे वाटते. हे ओळखून रुळांखालचे काही स्लीपर ठरावीक अंतराने पिवळे रंगवण्यात आले. गाडी ते ओलांडत येताना तिचा वेग चटकन लक्षात यावा हा हेतू. मोटरमनने एक लांब शिट्टी देण्याऐवजी दोन तुटक शिट्ट्या द्याव्यात असे ठरले, कारण मधली शांतता कान टवकारायला लावते. शिवाय, गाडीखाली सापडण्याच्या क्षणी भीतीने थिजलेल्या माणसाच्या चेहऱ्याचे छायाचित्र लावण्यात आले. त्यानंतर त्या ठिकाणचे मृत्यू लक्षणीयरीत्या घटल्याचे नोंदवले गेले. खर्च होता मुख्यतः रंगाचा आणि फलकांचा.

नाव नोंदले, पुढे काय?

कोपरखळीचा सर्वांत प्रभावी प्रकार म्हणजे ‘आधीच ठरवून ठेवलेला पर्याय’. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ मध्ये युरोपातील अवयवदानाच्या संमतीची तुलना प्रसिद्ध केली. जर्मनीत संमती देणारे १२ टक्के, तर शेजारच्या ऑस्ट्रियात ९९ टक्क्यांहून अधिक! ऑस्ट्रियन माणूस अधिक परोपकारी आहे, असे नव्हे. जर्मनीत दाता होण्यासाठी नाव नोंदवावे लागत होते. ऑस्ट्रियात नको असेल तरच तसे कळवावे लागत होते. बहुतेकांनी दोन्हीकडे काहीच केले नाही.

पण संमतीचा आकडा म्हणजे प्रत्यक्ष प्रत्यारोपण नव्हे. अवयवदानात अनेक वर्षे आघाडीवर राहिलेल्या स्पेनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे संमती गृहीत धरणारा कायदा १९७९ पासून आहे. तरीही नातेवाइकांना विचारले जातेच. स्पेनच्या यशाचे श्रेय जाणकार देतात ते १९८९ मध्ये उभारलेल्या राष्ट्रीय संघटनेला आणि रुग्णालयांतील प्रशिक्षित समन्वयकांना. शोकाकुल कुटुंबाशी योग्य वेळी, योग्य शब्दांत बोलणारा माणूस तेथे हजर असतो. हे काम अर्जावरची एक खूण करू शकत नाही.

किलोभर डाळीचे मोल

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ‘सेवा मंदिर’ संस्थेसोबत केलेला बाललसीकरणाचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेल्या गावांत संपूर्ण लसीकरण झालेली मुले अवघी ६ टक्के होती. जिथे दरमहा न चुकता शिबिर भरू लागले, तिथे हे प्रमाण १८ टक्के झाले. शिबिरासोबत प्रत्येक लसीमागे एक किलो डाळ आणि सर्व लसी पूर्ण झाल्यावर थाळ्यांचा संच दिला, तिथे ते ३९ टक्क्यांवर गेले. डाळ ही कोपरखळी की सरळ आमिष, यावर वाद होऊ शकतो. मात्र क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी लस आणि परिचारिका ठरल्या दिवशी गावात पोहोचली, मग डाळीने उरलेला आळस मोडला. बंद दारासमोर डाळ वाटून काहीच साधले नसते.

मर्यादा आणि दुरुपयोग

या उपायांचा बोलबाला झाला तितका त्यांचा परिणाम मोठा नाही, असेही आता दिसू लागले आहे. स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, विद्वत्पत्रिकांतील प्रयोगांमध्ये सरासरी ८.७ टक्के बिंदूंची वाढ दिसते. सरकारी पथकांच्या मोठ्या प्रमाणावरील प्रयोगांत ती १.४ एवढीच भरते. खर्च जवळपास शून्य असेल तर १.४ ही वाढदेखील वाया जात नाही. पण तिला चमत्कार म्हणता येणार नाही.

दुसरा धोका हेतूचा. ज्या युक्तीने माणूस लसीकडे वळतो, त्याच युक्तीने त्याचा खिसाही कापता येतो. ऑनलाइन खरेदीत न मागता जोडलेला विमा किंवा देणगी, सापडू नये असे लपवलेले ‘रद्द करा’चे बटण ही त्याची उदाहरणे. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. म्हणूनच कोणतीही कोपरखळी पारखताना तीन प्रश्न विचारावेत: फायदा नक्की कुणाचा? ती उघडपणे सांगता येईल का? आणि नको असल्यास नाकारणे तितकेच सोपे आहे का?

शासनासाठी मात्र चौथा प्रश्न उरतो. ही कोपरखळी सुविधेच्या जोडीला आहे की सुविधेच्या बदल्यात? २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा बळी गेला. त्यांनी रूळ ओलांडले नव्हते. सांगितल्याप्रमाणे ते पुलावरूनच चालले होते. पूल अरुंद होता. पिवळे स्लीपर घाईतल्या माणसाला सावध करू शकतात, परंतु रुंद पुलाची जागा ते घेऊ शकत नाहीत. नागरिकाला योग्य वाटेकडे वळवण्याआधी ती वाट बांधलेली असली पाहिजे.