स्टेनलेस स्टीलची सुरी भट्टीत जोडताना थर का सुटतात?

हिंगोली जिल्ह्यात सोयाबीन कापायचा विळा असो की हळदीतलं तण काढायचं खुरपं, शेतकऱ्याला लोहाराचा भाता आणि ऐरण लागतेच. मराठवाड्यात घिसाडी कारागीर पिढ्यानपिढ्या हे काम करत आले. ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा ठोकून चिवट अवजार होतं, पण ते गंजतं. म्हणून घरच्या वर्कशॉपमध्ये सुरी बनवणारे स्टेनलेसकडे वळतात आणि तिथेच अडतात.

फोर्ज वेल्डिंग म्हणजे काय?

धातू न वितळवता, पिवळा-पांढरा होईपर्यंत तापवून ठोक्यांनी एकजीव करणं. साध्या लोखंडावर त्यासाठी टाकणखार टाकतात. तो सुमारे ७४३ अंश सेल्सिअसला वितळतो, लोखंडावरची खपली विरघळवतो आणि ठोक्यासरशी बाहेर फेकला जातो.

स्टेनलेसचं काय बिघडतं?

त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. हवा लागताच त्याचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो. हाच थर गंज रोखतो आणि जोडही रोखतो. लोखंड १५३८ अंशांना वितळतं, हा थर मात्र २४०० अंशांच्या आसपास. एकटा टाकणखार त्याला पुरा पडत नाही.

मग उपाय?

हवाच आत जाऊ न देणं. मधे कार्बन स्टील आणि दोन्ही बाजूंना ३०४ स्टेनलेसच्या पट्ट्या ठेवतात. जोडायचे पृष्ठभाग ग्राइंडरने चकचकीत घासून, तेल-पाणी पूर्ण पुसून, चारही कडा वेल्डिंगने बंद करतात. आत ओल राहिली तर वाफेने पाकीट फुटू शकतं. मग ११०० ते १२०० अंशांना सगळीकडे सारखं तापवून आधी हलके ठोके देतात. ३०४ स्टेनलेस पाणी देऊन कडक होत नाही. धार मधल्या पोलादाचीच असते. त्यामुळे घासताना तो थर बरोबर मध्यावर राहायला हवा.

जिवाशी खेळ नको

स्टेनलेस वेल्डिंगच्या धुरातल्या हेक्झाव्हॅलंट क्रोमियममुळे फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. बंद खोलीत भट्टी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. काम उघड्यावर, धुरासाठीचा मास्क आणि चष्मा लावूनच करावं. कडेला बारीक काळी रेघ दिसली तर जोड कच्चा आहे. ते पातं वापरू नये.