नकाशातले गावठाण

बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा आणि आसपासच्या गावांची शास्त्रशुद्ध मोजणी इंग्रजी अमदानीत झाली, पण ती शेतांची झाली. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला आणि १८६० च्या दशकात तिथे मुंबई इलाख्याची मोजणी लागू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी ही पद्धत १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात बसवली होती. प्रत्येक शेताला नंबर द्यायचा, क्षेत्र काढायचे, मातीची प्रत लावायची आणि तीस वर्षांसाठी सारा ठरवायचा, असा तिचा क्रम होता. खामगाव तालुका तेव्हा अकोला जिल्ह्यात होता; तो बुलढाण्यात आला १९०५ मध्ये.

मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग १६, म्हणजे रुपयाप्रमाणेच आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे झाले की एकर. शेतातून आडव्यातिडव्या रेषा धरायच्या आणि त्या रेषांपासून धुऱ्याच्या प्रत्येक वळणापर्यंत काटकोनात अंतरे घ्यायची. हे सारे टिपणात उतरत असे, आणि कोपऱ्यांवर हद्दीचे दगड रोवले जात. धुऱ्यावरून भांडण पेटले की आजही मोजणीदार त्या जुन्या टिपणापर्यंत मागे जातो. दीडशे वर्षांपूर्वीचा कागद न्यायनिवाड्यात अजून उभा राहतो, एवढे ते काम पक्के होते.

गावठाण मात्र या नकाशात एका बंद आकृतीएवढेच उरले. घराखालच्या जागेवर शेतसारा नाही, म्हणून ती आतून मोजण्याचे कारण नाही. वाडे, धाब्याची घरे, गोठे, बोळ, आड, पार हे सगळे त्या एका आकृतीत गडप. पुढे शहरांत आणि काही मोठ्या गावांत नगर भूमापन झाले. बाकीच्या गावांत घराचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीतला नमुना ८. त्यात घरमालकाचे नाव सापडते, घराची आकृती सापडत नाही.

जो नकाशा होता तोही रयतेने पाहावा म्हणून काढलेला नव्हता. तो दप्तरात राहायचा आणि नक्कल हवी तर अर्ज आणि फी. इतरत्रही अशी तऱ्हा होती. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात १६६८ पासून तटबंदीच्या शहरांच्या लाकडी प्रतिकृती करण्यास सुरुवात झाली. घर, बुरूज, टेकडी सगळे मापात. पण त्या युद्धासाठी होत्या, म्हणून सामान्यांच्या नजरेपासून दूर ठेवल्या जात. आता त्यांतल्या अनेक पॅरिसला संग्रहालयात आहेत आणि काही तिकीट काढून कुणालाही पाहता येतात.

नगररचना लोकांना दाखवण्याची गोष्ट आहे, हा विचार इकडे पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश अभ्यासकाने आणला. नकाशे, चित्रे आणि आराखड्यांचे त्याचे फिरते प्रदर्शन १९१४ मध्ये भारताकडे निघाले असता ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने ते जहाजासकट बुडवले. नवे साहित्य जमवून गेडिसने प्रदर्शन भरवलेच. १९१९ मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्याच सुमारास, १९१५ मध्ये, मुंबई इलाख्याने नगररचनेचा कायदा केला. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून ठरावीक मुदतीत हरकती मागवणे बंधनकारक केले. प्रसिद्धी म्हणजे राजपत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात आणि कार्यालयाच्या भिंतीवर टांगलेला नकाशा. रंगांची सूची वाचता न येणाऱ्याला त्या भिंतीपुढे उभे राहून काय कळत असेल, हा प्रश्नच आहे.

इंटरनेटने भिंत घरात आणली. मुंबईचा २०१४–३४ चा प्रारूप विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. लोकांनी आपापल्या गल्लीचा नकाशा उघडून चुका दाखवल्या आणि हरकतींचा एवढा पाऊस पडला की एप्रिलमध्ये सरकारला आराखडा नव्याने करण्याचा आदेश द्यावा लागला. एरवी कार्यालयात खेटे घालणारे मोजकेच लोक हरकत घेतात. इथे अख्ख्या वस्त्या उतरल्या. खेड्यांत सातबारा संकेतस्थळावर आला, पाठोपाठ भू-नकाशा. पिंपळगावातला शेतकरी आता मोबाइलवर आपला गट नंबर पाहू शकतो. पण तो नकाशाही सपाट आणि शेताचाच.

गावठाणाची पाळी ड्रोनबरोबर आली. महाराष्ट्राच्या भूमी अभिलेख विभागाने भारतीय सर्वेक्षण विभागासह पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे पहिला प्रयोग केला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. आधी ग्रामसभा होते. मग घराघराच्या हद्दीवर चुन्याची रेघ ओढतात, कारण कॅमेऱ्याला मालकी दिसत नाही, पांढरी रेघ दिसते. ड्रोन एकाच जागेची अनेक छायाचित्रे एकमेकांवर चढतील अशी घेतो. एकच कौल किंवा टिनाचा एकच कोपरा दोन ठिकाणांहून टिपला गेला की त्याची उंची गणिताने काढता येते, दोन डोळ्यांनी खोली कळावी तशी. अचूकता सुमारे ५ सेंटीमीटर. पडवीचे छप्पर भिंतीबाहेर आलेले असले की वरून भिंत कुठे संपते ते कळत नाही, म्हणून मोजणीदार पुन्हा गावात फिरतो, हरकती ऐकतो आणि मग सनद व मिळकत पत्रिका देतो.

म्हणजे गावाची उंचसखल आकृती या कामात मोजली जातेच. घरमालकाच्या हाती मात्र पडते ती सपाट पत्रिका. उंचीची माहिती लोकांपुढे आली तर तिचा उपयोग कागदी नाही. जुलै २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्याच संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने पूर आला. पाणी आधी कुणाच्या ओसरीवर चढेल, नाल्याच्या काठावर गावठाण वाढवावे की नाही, नव्या दुमजली इमारतीने कुणाचे ऊन अडेल, हे रंगीत पट्ट्यांच्या नकाशावरून कळत नाही. त्रिमितीय प्रतिकृतीवरून शाळकरी पोरालाही कळते. अडचण एकच, पण खरी: वाड्याचे आतले अंगण आणि न्हाणीघरही त्यात दिसेल. किती बारकावा खुला ठेवायचा हे ग्रामसभेत ठरायला हवे.

हेलसिंकीने आपल्या शहराची त्रिमितीय प्रतिकृती सर्वांना उतरवून घेण्यासाठी खुली केली आहे. जपानने ‘प्लाटो’ प्रकल्पात अनेक शहरांची केली. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांवरची बरीच बंधने उठली. डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात ग्रामीण भागाचेही सूक्ष्म सर्वेक्षण धरले आहे, परंतु २०३५ पर्यंत त्रिमितीय ‘डिजिटल जुळे’ करण्याचे जे उद्दिष्ट त्यात आहे, ते मोठ्या शहरांचे आणि नगरांचे आहे.