पहिला गणपती कोणाचा? हाउन्सलोतल्या आई-बाबांसाठी थोडा इतिहास

मंडळी, गणपती जवळ आले की आपल्याकडे तेच तीन प्रश्न: हॉल मिळाला का, मोदक कोण करणार, मुलांचा कार्यक्रम कोण बसवणार. यंदा एका ताईंनी चौथा विचारला, "अजून दहा वर्षांनी हे सगळं करणार कोण?" आणि ग्रुप एकदम गप्प! तयार उत्तर माझ्याकडेही नाही. पण सार्वजनिक गणपतीच्या इतिहासात या प्रश्नाला धरून बरंच काही आहे, म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू केला, हे आपण शाळेत पाठ केलं. २०१७ मध्ये पुणे महापालिकेने उत्सवाची १२५ वर्षं साजरी करायला घेतली, तेव्हा भाऊसाहेब रंगारी मंडळाने हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, आमच्या भाऊसाहेबांनी १८९२ मध्येच गणपती बसवला होता. वाद चांगलाच पेटला. त्यात गुरुजी तालीम मंडळ आपली सुरुवात १८८७ ची सांगतं, तीही हिंदू आणि मुसलमान घरांनी मिळून केलेली. मला विचाराल तर यात भांडण्यासारखं काही नाही. मूर्ती बसवणारे वेगळे असू शकतात आणि 'केसरी'तून तो उत्सव गावोगाव नेणारे टिळक वेगळे. पण सव्वाशे वर्षांनी नातवंडं-पतवंडं तारखेवरून भांडतात, याचं कारण साधं आहे. सुरुवात करणाऱ्यांना तेव्हा वाटलंच नसेल की हे कधी लिहून ठेवावं लागेल.

मुंबईत गिरगावातली केशवजी नाईक चाळ बघा. तिथला गणपतीही १८९३ चा. आजूबाजूला मूर्ती उंच उंच होत गेल्या, सेट सिनेमासारखे झाले, पण चाळीने शाडूची लहान मूर्ती सोडली नाही. बाकी ठिकाणी उत्सव किती बदलला! सुरुवातीला मेळे होते, पदं होती, व्याख्यानं होती आणि इंग्रज सरकारची त्यावर बारीक नजर होती. मग लाऊडस्पीकर आले, डीजे आले. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्याला राज्य महोत्सव म्हणून जाहीर केलं. ज्यावर सरकार नजर ठेवायचं, तोच सरकारी महोत्सव झाला. त्यामुळे "आमच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य मी तरी जपून वापरते.

आता लंडन. चिरोल खटल्यासाठी टिळक १९१८-१९ मध्ये इथेच होते, मेडा व्हेलमध्ये हाउली प्लेसला राहत होते. गंमत म्हणजे ते लंडनमध्ये असतानाच, २५ ऑगस्ट १९१९ ला, आपल्या हाउन्सलो हीथवरून पॅरिससाठी रोजची विमानसेवा सुरू झाली. पुढे १९३२ मध्ये टिळकांचे सहकारी न. चिं. केळकर यांच्या पुढाकाराने लंडनचं महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं. ते आजही चालू आहे, डॉलिस हिलला त्याची स्वतःची वास्तू आहे. नव्वदहून जास्त वर्षं! यामागे मला दोन कारणं दिसतात: हक्काचं छप्पर, आणि कार्यकारिणी बदलली तरी मागे राहणारी कागदपत्रं.

हाउन्सलोची गोष्ट वेगळी आहे. इथे आधी हीथ्रोच्या नोकऱ्यांमुळे पंजाबी कुटुंबं आली, पूर्व आफ्रिकेतून गुजराती आली. आपण मराठी बहुतेक त्यानंतरचे, आयटीवाले, व्हिसा मोजत आलेले. भाड्याच्या घरात असेपर्यंत हाउन्सलो, घर घ्यायची वेळ आली की स्लाव, रेडिंग, मिल्टन कीन्स. म्हणजे मंडळ जेमतेम बसतं न बसतं, तोच खजिनदार गाव सोडतो. त्याच्याबरोबर पासवर्ड जातो, हॉलवाल्याची ओळख जाते आणि ढोल कोणाकडे आहेत ही माहितीसुद्धा जाते.

दुसरी अडचण मुलांची. सहा वर्षांची मुलं धोतर नेसून स्टेजवर आनंदाने नाचतात. तीच तेरा वर्षांची झाली की कोपऱ्यात फोन घेऊन बसतात, आणि आपण म्हणतो, यांना संस्कृतीची आवडच नाही. अहो, त्यांना आपण काम कुठे दिलं? माझी मुलगी आरतीला तोंड उघडत नाही, पण मागच्या वर्षी साउंडच्या टेबलवर बसवली तर दोन्ही दिवस हलली नाही. पुण्या-मुंबईतली मंडळं टिकली ती तालमीतल्या आणि चाळीतल्या पोरांवर. मांडव घालणं, वर्गणी मागणं, रात्रीची राखण, हे सगळं पोरंच करायची. आपली मुलं मात्र पाहुण्यासारखी येतात, जेवतात, जातात.

थोडं व्यवहाराचं. इंग्लंडमध्ये धर्मादाय कामाच्या संस्थेचं वर्षाचं उत्पन्न ५,००० पौंडांच्या वर गेलं की साधारणपणे चॅरिटी म्हणून नोंदणी करावी लागते. गिफ्ट एड घेता आलं तर कर भरणाऱ्याच्या प्रत्येक पौंडामागे सरकारकडून २५ पेन्स मिळतात. बँक खातं मंडळाच्या नावावर हवं, कोणा एकाच्या नाही. खजिनदार दोन वर्षांनी बदलावा, आणि दुसऱ्या वर्षी नव्याने त्याच्या शेजारी बसून शिकावं.

आणि आजच करण्यासारखं एक काम. आपल्याकडे पहिल्या वर्षी गणपती कुठल्या घरी बसला, किती घरं होती, मूर्ती कुठून आली, विसर्जन कसं केलं, हे ज्यांना आठवतं त्यांनी मला दोन ओळी पाठवा. जुने फोटो असतील तर मागे वर्ष लिहून पाठवा. मुलांकडून त्याची एक वही करून घेऊ, मराठीत नाही जमलं तर इंग्रजीत. आणि हो, गेल्या वर्षीचं मखर कोणाच्या गॅरेजमध्ये आहे, तेही कळवा.