रात्रीच्या डब्याची वंशावळ

अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणाऱ्यांना उजाडायच्या आत झाडावरच्या मचाणावर जाऊन बसावे लागते. जंगलात तेव्हा डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नाही, आणि आदल्या दिवशी ज्या वाटेने आलो ती वाट अंधारात हमखास हरवते. म्हणून तिथल्या शिकारसामानाच्या दुकानांत चमकणाऱ्या डोक्याच्या टाचण्या मिळतात. दिवसा खोडाखोडांत एकेक टोचत जायचे. पहाटे टॉर्च मारला की पुढच्या झाडावरून एक ठिपका निखाऱ्यासारखा पेटतो, त्याच्यापाशी पोहोचले की पुढचा. दिवसा त्याच टाचणीकडे पाहिले तर खोडावर एखादा किडा बसल्यासारखे वाटते, आणि कोणी थांबून बघत नाही.

या टाचण्या आता मचाणाकडे कमी आणि प्लास्टिकच्या डब्याकडे जास्त नेत असतील असे वाटावे, इतक्या त्या जिओकॅशिंगवाल्यांनी उचलल्या आहेत. खेळ सोपा आहे. कुणीतरी रानात, पुलाखाली किंवा बागेत एक डबा लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीचे जीपीएस घेऊन शोधायला जातात, सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहितात, एखादी वस्तू घेतली तर बदल्यात दुसरी ठेवतात आणि डबा होता तिथे परत ठेवतात. रात्रीच्या प्रकारात मात्र जाहीर केलेले आकडे डब्याचे नसतात. ते पहिल्या टाचणीचे असतात. तिथून पुढे उपग्रहाचे काम संपते आणि कपाळावरच्या दिव्याचे सुरू होते.

या खेळाचा इतिहास सांगणारे बहुतेक जण उपग्रहापासून सुरुवात करतात. दिवसाच्या खेळापुरते ते ठीक आहे. रात्रीच्या डब्याचे मूळ शोधायचे तर उपग्रह हा घरातला सगळ्यात धाकटा निघतो, आणि कामाला सगळ्यात कमी येणाराही.

डब्यापासून सुरुवात करू. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डार्टमूर नावाचा उजाड, दलदलीचा माळ आहे. शेरलॉक होम्सची शिकारी कुत्र्याची गोष्ट ज्यांनी वाचली आहे त्यांना तो ठाऊक असेल. तिथल्या चॅगफर्ड गावचा वाटाड्या जेम्स पेरट यानं 1854 साली क्रॅनमियर पूल या आडवळणी जागी एक बाटली ठेवली. इतक्या लांब चालत आलेल्यांनी आपले भेटपत्र तिच्यात टाकावे, एवढीच कल्पना. बाटलीच्या जागी पुढे पत्र्याची पेटी आली, 1905 मध्ये सह्यांची वही आली, 1937 मध्ये दगडी कोनाडा बांधला गेला. दरम्यान माळावर इतर ठिकाणीही पेट्या दिसू लागल्या आणि त्यांना लेटरबॉक्स म्हणायची रीत पडली. 1998 साली अमेरिकेतल्या 'स्मिथसोनियन' मासिकात या छंदावर लेख आला आणि तिकडेही लोक पेट्या लपवू लागले. म्हणजे लपवलेला डबा, आतली वही आणि 'मी येऊन गेलो' ही नोंद, हे सगळे उपग्रहाच्या आधीचे आहे.

अंधाराची हौसही आधीचीच. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातल्या खुणा शोधत पळण्याचा ओरिएंटिअरिंग हा खेळ स्कँडिनेव्हियातला. स्वीडनमध्ये 1945 साली 'टिओमिला' ही सांघिक शर्यत सुरू झाली आणि फिनलंडमध्ये 1949 साली 'युकोला'. दोन्हींत धावपटूंना रात्रभर जंगलात पळावे लागते. दिव्याच्या कवडशापलीकडे काही दिसत नसताना जागा ओळखणे ही तिथे खेळाची शान मानली जाते.

आता उपग्रह. अमेरिकी लष्कराच्या जीपीएसचा पहिला उपग्रह 1978 मध्ये गेला. 1983 साली कोरियाचे एक प्रवासी विमान भरकटून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि ते पाडले गेले. 269 माणसे गेली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ही यंत्रणा नागरिकांना खुली करण्याचे जाहीर केले. पण लष्कराने सामान्य माणसाच्या वाट्याला येणारा संकेत मुद्दाम बिघडवून ठेवला होता, त्यामुळे जागा शंभरेक मीटरने चुकायची. हा बिघाड बंद करण्याचा आदेश क्लिंटन यांनी दिला. 1 मे 2000 च्या मध्यरात्री, वॉशिंग्टनच्या घड्याळाने बारा वाजता, तो बंद झाला. पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑरेगन राज्यात तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते.

तिसऱ्या दिवशी, 3 मेला, त्याच ऑरेगनमध्ये पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीक इथे डेव्ह उल्मर या संगणकतज्ज्ञानं एक काळी प्लास्टिकची बादली जमिनीत अर्धवट पुरली. आत पुस्तके, व्हिडिओ, संगणकाचे सॉफ्टवेअर, गलोल आणि घेवड्याचा एक डबा असा बाजार होता. आकडे जाहीर झाल्यावर तीन दिवसांत दोघांनी ती बादली गाठली. 'जिओकॅशिंग' हे नाव त्याच महिन्याच्या अखेरीस पडले आणि सप्टेंबरात जेरेमी आयरिश यांनी खेळाचे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा जगभरात नोंदवलेले डबे होते 75. गंमत म्हणजे जागामालकाच्या परवानगीशिवाय जमीन खणून डबा पुरायला आजच्या नियमांत बंदी आहे. म्हणजे मूळपुरुषाची बादली आज अशा परवानगीविना नोंदवायला गेली तर नाकारली जाईल.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते हिंगणघाटवरून जाते. अक्षांश-रेखांशाचे आकडे आभाळातून पडत नाहीत. पृथ्वीचा आकार अमुक आहे असे आधी कुणीतरी ठरवावे लागते. भारतात हे काम कर्नल विल्यम लॅम्बटन यानं 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून सुरू केले. ते करत करत तो उत्तरेकडे सरकला आणि नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला जानेवारी 1823 मध्ये वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने कामाची वेळच बदलली. दिवसा तापलेल्या, धुळीने भरलेल्या हवेतून लांबचे निशाण थरथरते, म्हणून तो रात्री दूरच्या टेकडीवर दिवे लावून दुर्बिणीतून त्यांचे कोन मोजू लागला. रात्रीच्या हवेत प्रकाश जास्त वाकतो, त्यामुळे दिवसा क्षितिजाआड राहणारी टेकडीही कधीकधी वर उचलल्यासारखी नजरेत येते. या मोजणीतून निघालेला पृथ्वीचा 1830 चा आकार आपल्या जुन्या सर्व्हे शीट वापरतात. जीपीएस वेगळा आकार वापरते. म्हणून जुन्या नकाशावरचा बिंदू जसाच्या तसा यंत्रात भरला की ठिकाण सरकते. अंधारात लांबचा एक उजेडाचा ठिपका शोधून जागा पक्की करणे, एवढ्या बाबतीत तरी वऱ्हाडातल्या टेकडीवर दिवा सांभाळणारा मोजणीखात्याचा खलाशी आणि आजचा हेडलॅम्पवाला एकाच घराण्यातले.

फरक इतकाच की त्या खलाशाचा दिवा स्वतः जळत होता आणि टाचणी जळत नाही. ती फक्त आलेला उजेड परत करते, आणि तोही ज्याने टाकला त्यालाच. साधा आरसा तिरका धरला तर किरण भलतीकडे जातो. पण तीन आरसे एकमेकांना काटकोनात जोडून खोलीचा कोपरा केला, किंवा भिंगामागे आरसा बसवला, तर किरण ज्या दिशेने आला त्याच दिशेने माघारी फिरतो. मांजराच्या, बैलाच्या, हरणाच्या डोळ्यांत पडद्यामागे असाच चमकता थर असतो. किरण टाकणाऱ्याकडेच परततो, म्हणून दिवा डोळ्यांच्या जवळ असावा लागतो. टॉर्च कमरेशी धरणाऱ्याला टाचणी मंद दिसते, कपाळावर दिवा बांधणाऱ्याला ती पेटलेली दिसते आणि शेजारी बिनदिव्याने उभ्या असलेल्या माणसाला काहीच दिसत नाही. माझ्या मते रात्रीच्या डब्याचे सगळे मर्म या एका गोष्टीत आहे. खूण उघड्यावर आहे, शेकडो लोकांच्या डोळ्यांसमोर आहे, आणि तरी गुप्त आहे.

हा गुण जंगलात येण्याआधी रस्त्यावर आला. त्याचे श्रेय यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉला जाते. हा गडी रस्तेदुरुस्तीची कंत्राटे घ्यायचा. रात्री धुक्यातून गाडी हाकताना ट्रामचे चकाकते रूळ त्याला वाट दाखवत. रूळ उखडले गेले आणि ती सोय गेली. पुढची कथा अशी सांगतात की एका रात्री कुंपणावर बसलेल्या मांजराचे डोळे त्याच्या दिव्यात चमकले आणि त्याला युक्ती सुचली. कथा फार नेटकी आहे, म्हणून मी ती अर्धीच मानतो. भिंगामागे आरसा लावून पाट्या चमकवण्याचे पेटंट रिचर्ड हॉलिन्स मरे यानं शॉच्या आधीच, 1920 च्या दशकात घेतले होते. शॉची खरी करामत पुसण्यात होती. 1934 साली त्यानं पेटंट मागितले ते काचमण्यांसाठी कमी आणि त्यांभोवतीच्या रबरासाठी जास्त, असे म्हणायला हरकत नाही. गाडीचे चाक वरून गेले की रबर दबते, काचा आत जातात आणि रबराच्या कडेने पुसल्या जातात. खालच्या बिडाच्या खोबणीत साठलेले पावसाचे पाणी धुण्याच्या कामी येते. रस्त्यावरची धूळ आणि चिखल यांचा विचार रस्त्यावर राबलेल्या माणसालाच सुचणार. 1935 मध्ये त्यानं कारखाना काढला. सुरुवातीला खप बेताचा होता. मग दुसरे महायुद्ध आले, बॉम्बफेकी विमानांच्या भीतीने ब्रिटनमधले दिवे विझवले गेले आणि मोटारींच्या दिव्यांना झाकणे लागली. स्वतः न जळणारी, पण गाडीवाल्याला दिसणारी खूण तेव्हा सोन्याच्या मोलाची ठरली. शॉ श्रीमंत झाला. घरात ना गालिचा, ना पडदा. एकाच खोलीत आवाज बंद करून अनेक टीव्ही चालू, आणि दाराशी रोल्स-रॉइस. 1976 मध्ये तो गेला तोवर त्याच्या 'कॅट्स आय' जगभरच्या रस्त्यांत बसल्या होत्या.

अमेरिकेत थ्री-एम कंपनीने 1939 मध्ये बारीक काचमणी लावलेला चमकता कागद रस्त्याच्या पाटीवर चढवला. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे आपण ज्याला सरसकट 'रेडियम' म्हणतो ती पट्टी याच वंशातली. शिकाऱ्यांच्या टाचणीचे डोकेही त्यातलेच. वंशातला सगळ्यात लांब गेलेला भाऊ चंद्रावर आहे: 1969 साली अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी तिथे 100 प्रिझमची चौकट ठेवली. पृथ्वीवरून लेझर मारला की ती तो माघारी पाठवते, आणि त्यावरून चंद्राचे अंतर आजही मोजतात.

कपाळावरचा दिवा खाणकामगारांकडून गुहा धुंडाळणाऱ्यांकडे आणि त्यांच्याकडून सगळ्यांकडे आला. पण तो स्वस्त, हलका आणि रात्रभर टिकणारा झाला एलईडीमुळे. 1990 च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी निळा एलईडी वापरण्याजोगा केला, त्यातून पांढरा निघाला आणि 2014 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्याच जातीच्या डायोडमधून अतिनील टॉर्चही आला. मग डबे लपवणाऱ्यांना उधाण आले. दगडावर अदृश्य शाईने लिहिलेला पुढचा आकडा फक्त अतिनील उजेडात उमटतो. अशा डब्यांच्या नोंदीत आता 'अतिनील दिवा हवा' अशी खूणच असते. जर्मन मंडळी आणखी पुढे गेली. टॉर्चचा झोत पडताच स्वतःहून लुकलुकू लागणारे इवले सर्किट ते झाडावर दडवतात, आणि त्यात लुकलुकणारा एलईडी हाच प्रकाश ओळखणारा डोळाही असतो. मला या विजेच्या करामतींपेक्षा साधी टाचणीच जास्त आवडते. बॅटरी संपण्याची भीती तिला नाही, आणि फसवण्याचे काम रानच करते: दवाचा थेंब चमकतो, गवतातल्या कोळ्याचे डोळे चमकतात, आणि दोन ठिपके एकदम दिसून मिटले की समजायचे, ते हरीण आहे.

हरणावरून वाद आहेच. जर्मनीत रात्रीच्या डब्यांवर सर्वात जास्त चिडतात ते शिकारी आणि वनरक्षक. संध्याकाळी आणि पहाटे जनावरे चरायला उघड्यावर येतात, तीच वेळ दिवे घेऊन फिरणाऱ्यांची. शिकाऱ्यांच्या टाचण्या उचलून खेळाडूंनी शिकाऱ्यांचेच सावज पळवून लावावे, हा हिशेब त्यांना कसा रुचेल? झाडाला टोचणेही सगळीकडे चालत नाही. खेळाच्या नियमांत निसर्गाला इजा करायला मनाई आहे आणि बऱ्याच ठिकाणी जागेचा मालक टाचणीलासुद्धा इजाच मानतो. गावातली गोष्ट निराळी. यॉर्कशरमधल्या वेदरबी इथे जुलै 2011 मध्ये एका कॅफेसमोर कुणीतरी डबा लपवत असताना दिसले, लोकांना संशय आला आणि बॉम्बशोधक पथकाने तो डबा उडवून दिला. हे दिवसाउजेडी घडले. रात्री टॉर्च घेऊन भिंतीचे कोपरे चाचपणाऱ्याकडे लोक कसे बघतील ते सांगायला नको.

गुहा, जुन्या खाणी आणि ओसाड बोगदे ही रात्रीच्या डब्यांची लाडकी ठिकाणे, आणि नेमकी वटवाघळेही तिथेच हिवाळा झोपून काढतात. झोपेतून उठवले की साठवलेली चरबी खर्च होते आणि वसंतापर्यंत पुरत नाही. म्हणून जर्मनीच्या निसर्गसंरक्षण कायद्यानुसार वटवाघळांच्या अशा हिवाळी आसऱ्यांत 1 ऑक्टोबर ते 31 मार्च जायला बंदी आहे, आणि तिथले डबे त्या काळात नोंदीतूनही बंद ठेवतात. म्युनिक किंवा स्टुटगार्टला राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी कुणी मुलांना घेऊन निघणार असेल, तर डब्याच्या नोंदीवर ही तारीख आधी पाहावी, आणि डबा बंद दिसला तर उघड्या रानातला दुसरा निवडावा.