सायकल, कॅमेरा आणि दिल्लीचे रस्ते

छायाचित्राचा इतिहास लिहिताना आपण भिंगाचा, काचेचा आणि फिल्मचा विचार करतो. कॅमेरा प्रसंगाच्या जागी कसा पोहोचला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ओल्या काचांच्या पद्धतीने चित्रे घेणाऱ्यांना प्रवासात रसायने आणि अंधारखोलीचा तंबू बरोबर न्यावा लागे. १८७१ मध्ये मॅडॉक्सने जिलेटिनच्या सुक्या काचांची कृती प्रसिद्ध केली आणि हे ओझे हळूहळू उतरले. १८८५ मध्ये स्टार्लीची रोव्हर सायकल निघाली. १८८८ या एकाच वर्षी डनलॉपचा हवा भरलेला टायर आणि ईस्टमनचा फिल्मच्या गुंडाळीवर चालणारा कोडॅक कॅमेरा पुढे आला. कॅमेरा आता एकट्या माणसाला नेता येत होता, आणि त्यासाठी घोडागाडीची गरज उरली नव्हती.

या योगाचे आपल्या देशातील ठळक उदाहरण म्हणजे होमाई व्यारावाला. ९ डिसेंबर १९१३ रोजी नवसारीत जन्मलेल्या होमाईंचे वडील फिरत्या नाटक मंडळीत नट होते. होमाईंचे शिक्षण मुंबईत, सर ज. जी. कलाशाळेत झाले. छायाचित्रणाचे धडे त्यांनी माणेकशा व्यारावाला यांच्याकडून घेतले. पुढे त्यांच्याशीच विवाह झाला. आरंभीची त्यांची चित्रे पतीच्या नावाने छापली गेली, कारण स्त्रीचे नाव त्या व्यवसायात अपरिचित होते. १९४२ मध्ये ब्रिटिश माहिती खात्याच्या कामानिमित्त हे दांपत्य दिल्लीला आले.

दिल्लीत साडी नेसलेल्या होमाई सायकलवरून कामाला जात. कॅमेराही सोबत असे. हे सामान काही नाजूक नव्हते. स्पीड ग्राफिक या वृत्तछायाचित्रकारांच्या कॅमेऱ्यात सुट्या फिल्म घालाव्या लागत. एका धारकात दोनच फिल्म मावत, आणि फ्लॅशचा बल्ब एकदाच उजळून निकामी होई. रोलीफ्लेक्सच्या एका गुंडाळीवर बाराच चित्रे निघत. जेवढे खांद्याला पेलेल तेवढेच बरोबर घेता येई. साहजिकच प्रत्येक चित्र विचारपूर्वक घ्यावे लागे.

सायकलमुळे दुसरेही एक स्वातंत्र्य लाभले. मोटार ही तेव्हा थोड्यांची मिरास होती, आणि स्त्रीने एकटीने दूर जायचे तर सोबतीचा प्रश्न उभा राही. होमाईंना गाडीवानाची किंवा सोबत्याची वाट पाहावी लागली नाही. त्या काळात वृत्तछायाचित्रकार म्हणजे पुरुषच, अशी समजूत होती. या साडीतल्या बाईला कोणी फारसे गांभीर्याने घेत नसे. या दुर्लक्षाचा त्यांना उपयोगच झाला. जून १९४७ मध्ये फाळणीच्या योजनेला संमती देण्यासाठी वर झालेले हात त्यांनी टिपले. सत्तांतराचे सोहळे, माउंटबॅटन यांचा निरोप आणि नेहरूंचे अनेक अनौपचारिक क्षण त्यांच्या फिल्मवर राहिले.

मात्र हाताशी वाहन आणि कॅमेरा असला म्हणजे इतिहास हाती लागतोच, असे नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी होमाई गांधीजींच्या प्रार्थनासभेला जायला निघाल्या होत्या. पतीने त्यांना माघारी बोलावले. त्या दिवशी तेथे नसल्याची रुखरुख त्यांना आयुष्यभर राहिली. पुढे गांधीजींच्या अंत्यसंस्काराची चित्रे मात्र त्यांनी घेतली.

कालांतराने त्यांच्याकडे मोटार आली. जन्मसाल, माणेकशा भेटले तेव्हाचे वय आणि मोटारीचा क्रमांक, या तिन्हींतल्या तेरावरून ‘डालडा १३’ हे त्यांचे टोपणनाव पडले. १९७० मध्ये, नव्या छायाचित्रकारांच्या वागण्याला उबगून, त्यांनी कॅमेरा कायमचा खाली ठेवला. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. १५ जानेवारी २०१२ रोजी बडोद्यात त्यांचे निधन झाले.

त्यांचा संग्रह आज दिल्लीतील अलकाझी प्रतिष्ठानाकडे आहे. अभ्यासक त्यात राष्ट्राच्या जन्मकाळचे चेहरे शोधतात. चौकटीबाहेर कुठेतरी भिंतीला टेकवलेली सायकल त्यांना दिसणार नाही. पण ती तेथे होती, एवढे ध्यानात ठेवून ही चित्रे पाहिली, तर त्यांचा अर्थ अधिक नेमका कळतो.