जत्रेतील विटांचा खेळ

ज्या सातारा-सांगलीच्या मुलुखाचा इतिहास बखरी, सनदा आणि रुमालांत बांधलेली दप्तरे यांच्या आधारे लिहिला जातो, त्या मुलुखातील मुलांच्या करमणुकीची नोंद दप्तरांत क्वचितच आढळते. म्हणून १९९० नंतरच्या दशकात पुसेगाव, खरसुंडी यांसारख्या यात्रांतून आणि शहरांच्या पेठांतून घरोघर पोहोचलेल्या ‘ब्रिक गेम’ची हकीकत लिहून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

या खेळाचे मूळ मॉस्को येथे आहे. तेथील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी, चौकटीत तुकडे बसविण्याच्या एका कोड्यावरून स्फूर्ती घेऊन, १९८४ साली ‘टेट्रिस’ रचला. आणि हाताशी असलेल्या ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ या यंत्राला चित्रे काढण्याचे सामर्थ्यच नसल्यामुळे चौकोनांच्या जागी कंसांची चिन्हे योजिली. पुढे त्याचे परवाने देण्याचा मक्ता सोव्हिएत सरकारच्या व्यापारसंस्थेकडे गेला, १९८९ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने ‘गेम बॉय’ या हातातील यंत्रासोबत तो खेळ देशोदेशी नेला, आणि मूळ कर्त्याच्या पदरी त्याचे स्वामित्वधन १९९६ पासून पडू लागले.

आमच्याकडे गेम बॉय फार थोड्यांनी पाहिला. आली ती त्याची स्वस्त, बिनपरवाना अनुकरणे. वेष्टनावर ‘९९९९ इन १’ असा भरघोस आकडा असे, परंतु वस्तुतः ती मोजक्याच खेळांची निरनिराळ्या वेगांची रूपे होती. दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या त्या यंत्राच्या करड्या काचेवर दहा रुंद व वीस उंच घरांची चौकट असे. चार-चार चौकोनांच्या सात आकृत्या वरून उतरत, त्या बटणांनी फिरवाव्या, डावी-उजवीकडे सरकवाव्या, आणि आडवी ओळ सलग भरली की ती नाहीशी होऊन गुण वाढत. सेल उतरले की काळे चौकोन फिके पडत, आणि मग सेल उन्हात ठेवून पुन्हा घालण्याचा उपाय होई.

मूळचा हा एकट्याचा खेळ आमच्याकडे पंक्तीचा झाला. ज्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे बुद्धिबळाची उपासना रुजविली, आणि ज्या मुलुखात ओसरीवर सोंगट्यांचा पट मांडला की भोवती पाहणारे जमत, तेथे एकाच यंत्राभोवती भावंडे दाटीने बसत, खेळणारा हरला की यंत्र पुढच्याच्या हाती जाई, आणि पाहणारेही ‘आता उभी दांडी येऊ दे’ म्हणत डावात सामील होत. वस्तू परक्याची, तीही नक्कल. परंतु ती वाटून खेळण्याची रीत येथल्या घरांची होती. यात्रांचा इतिहास लिहिणाराने देवस्थानांच्या सनदा व जकातीचे आकडे यांच्या शेजारी या खेळण्यालाही एक रकाना अवश्य द्यावा.